डॉक्टर व्हायचंय? मग अकरावीचं कॉलेज विचारपूर्वक निवडा

दहावीचा निकाल लागला की मोहल्ल्यात एकच चर्चा सुरू होते. मुलाला किंवा मुलीला डॉक्टर करायचंय, अकरावीला कुठं टाकायचं? कुणी कोटा सांगतो, कुणी हैदराबाद, कुणी लातूर. टॉपरचे फोटो लावलेले बॅनर बघून पालक फी भरून मोकळे होतात. पण कॉलेज निवडताना जे प्रश्न विचारायला हवेत, ते विचारलेच जात नाहीत.

पहिला प्रश्न राज्याबाहेर जाण्याचा. सरकारी मेडिकल कॉलेजांतल्या 15 टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात आणि 85 टक्के राज्याच्या कोट्यातून. महाराष्ट्राच्या 85 टक्क्यांत बसायचं तर डोमिसाइल लागतंच, शिवाय काही मोजके अपवाद सोडले तर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातूनच पास व्हावी लागते. म्हणजे अकरावी-बारावी राजस्थान किंवा तेलंगणातल्या कॉलेजातून केली, तर आपल्याच राज्यातल्या बहुतेक जागांचं दार बंद. ही गोष्ट अनेकांना प्रवेशाच्या वेळी कळते, आणि तेव्हा इलाज नसतो.

यावर क्लासवाले पळवाट सुचवतात: नाव इथल्या कॉलेजात, मुलगा दिवसभर क्लासमध्ये. या 'इंटिग्रेटेड' प्रकाराला आळा घालण्यासाठी राज्य सरकारने 2018 मध्ये विज्ञान शाखेला बायोमेट्रिक हजेरी लागू केली, तरी प्रकार थांबला नाही. यात नुकसान मुलाचंच आहे. नीटच्या 720 पैकी 360 गुण एकट्या जीवशास्त्राचे आहेत आणि प्रश्न अकरावी-बारावी दोन्ही वर्षांवर येतात. ज्या कॉलेजात वर्गच भरत नाही, तिथं पाया कच्चा राहतो. नीटमध्ये नंबर लागला नाही, तर हातात उरते ती फक्त बारावीची गुणपत्रिका, आणि तीही कमजोर.

दुसरा प्रश्न भाषेचा. नीटचा पेपर मराठीत मिळतो, 2018 पासून उर्दूतही मिळतो. पण अकरावी सायन्स बहुतेक ठिकाणी इंग्रजीतूनच शिकवतात. उर्दू किंवा मराठी शाळेतून आलेलं हुशार पोर पहिल्या सहा महिन्यांत इथंच खचतं. म्हणून कॉलेजला सरळ विचारा, अशा मुलांसाठी तुम्ही वेगळं काय करता? अल्पसंख्याक कॉलेजात आपल्या मुलांसाठी राखीव जागा असतात, त्या जरूर घ्याव्यात. मात्र तिथंही शिक्षक पूर्णवेळ आहेत का, प्रयोगशाळा चालू आहे की कुलूपबंद, हे स्वतः जाऊन बघा.

तिसरा प्रश्न कागदपत्रांचा. बागवान, तांबोळी, अत्तार, पिंजारी, मोमीन अशा अनेक मुस्लिम बिरादऱ्या ओबीसी यादीत आहेत. प्रवेशाला मात्र नुसता जातीचा दाखला चालत नाही, जात वैधता प्रमाणपत्र आणि नॉन-क्रिमीलेअरही लागतं. वैधतेसाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा मागतात, आणि आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरमध्ये जातीच्या रकान्यात नुसतं 'मुसलमान' लिहिलेलं असतं. मग जुने निर्गम उतारे, महसुली नोंदी, वंशावळ शोधण्यात महिने जातात. हा प्रस्ताव सायन्सच्या विद्यार्थ्याला कॉलेजमार्फतच पाठवायचा असतो. जे ऑफिस अकरावीतच हे काम हातात घेतं, ते कॉलेज निम्मी लढाई जिंकून देतं. जे खुल्या प्रवर्गात येतात, त्यांनी ईडब्ल्यूएसची पात्रता तपासावी.

मुलींच्या बाबतीत तर घराजवळचं चांगलं कॉलेज हाच अनेकदा शिक्षण चालू राहण्याचा एकमेव रस्ता असतो. तो लहान समजू नका.

2014 मध्ये मिळालेलं पाच टक्के आरक्षण टिकलं नाही, याची खंत आपण दरवर्षी व्यक्त करतो. ती रास्तच आहे. पण जे हक्क आज कायद्याने हातात आहेत, तेही एका कागदासाठी किंवा चुकीच्या कॉलेजासाठी सुटत असतील, तर दोष कुणाला द्यायचा? निकालानंतर सत्काराचे कार्यक्रम घेणाऱ्या आपल्या संस्थांनी आणि मशीद कमिट्यांनी एक जुमा या कामासाठी द्यावा. नमाजनंतर एक टेबल मांडावं, दोन जाणकार बसवावेत, मुलांची कागदपत्रं तपासावीत. इन्शाअल्लाह, हाराइतकाच खर्च येईल आणि फायदा आयुष्यभराचा होईल.