न्योसच्या मृतांना कोणत्याही पक्षाचे साक्षीदार करू नका

१/ भूगर्भात कार्बन साठवण्याचा विषय निघाला की एक पक्ष न्योस सरोवराकडे बोट दाखवून म्हणतो, ‘हेच आपलेही होणार!’ दुसरा उपहासाने विचारतो, ‘त्याचा येथे काय संबंध?’ दोघेही इतिहासावर अन्याय करतात.

२/ न्योस हे कॅमेरूनमधील ज्वालामुखीच्या विवरातले सरोवर. २१ ऑगस्ट १९८६ च्या रात्री त्याच्या तळाशी विरघळलेला कार्बन डायऑक्साइड एकाएकी उसळला. हवेहून जड असा तो वायू दऱ्यांतून खाली उतरला. १,७४६ माणसे गुदमरून मृत्यू पावली.

३/ पहिल्या पक्षाला उत्तर : न्योसचा वायू पाण्यात होता, त्यावर खडकाचे झाकण नव्हते. साठवणुकीत तो खडकाच्या सूक्ष्म छिद्रांत कोंडला जातो आणि वर अभेद्य थर असतो. नॉर्वेच्या स्लाइप्नर क्षेत्रात १९९६ पासून तो समुद्रतळाखाली साठवला जात आहे. न्यू मेक्सिकोतील ब्राव्हो डोममध्ये तर निसर्गानेच तो दहा लाखांहून अधिक वर्षे राखला आहे.

४/ दुसऱ्या पक्षाला उत्तर : निसर्गाच्या त्या झाकणाला माणसाने भोके पाडलेली नव्हती. साठवणूक म्हटली की विहिरी आल्या, नळ आले. २०२० मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात साटार्शिया गावाजवळ अतिवृष्टीने जमीन खचली आणि याच वायूची वाहिनी फुटली. मोटारी जागीच बंद पडल्या, ४५ जणांना रुग्णालय गाठावे लागले. खडक निर्दोष होता. फुटला तो नळ.

५/ मग न्योसचा खरा धडा कोणता? दोनच वर्षे आधी, १९८४ मध्ये, त्याच देशातील मोनून सरोवराने ३७ बळी घेतले होते. त्या मृत्यूंचा अर्थ जगाला उमगण्यापूर्वीच न्योस घडले. पुढे तळाचा वायू सावकाश बाहेर काढणारा कायमस्वरूपी नळ न्योसमध्ये बसला, तो २००१ मध्ये. पंधरा वर्षांनी!

६/ आइसलँडमध्ये बेसाल्टात सोडलेल्या वायूचा बहुतांश भाग दोन वर्षांत खनिजरूप झाला. म्हणून आपल्या दख्खनच्या बेसाल्टाचेही नाव आता या चर्चेत येते. तेव्हा ‘खडक भक्कम आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका. विहिरीवर पहारा कोणाचा आणि किती वर्षे? कंपनी बुडाली तर उत्तरदायी कोण? मध्यरात्री गावाला कोण आणि कोणत्या भाषेत उठवणार? ही उत्तरे लेखी मिळेपर्यंत संमती मागण्याचा अधिकार कोणालाही नाही.