एका रात्रीचा प्रश्न

इंजिनीअरिंगची पदवी हातात पडल्यावर काही महिन्यांनी मी पहिल्यांदा विमानात बसलो. त्याला आता दहा-अकरा वर्षं झाली. ड्यूक ऑफ एडिनबर्ग आंतरराष्ट्रीय पुरस्काराचा सुवर्ण स्तर पूर्ण केलेल्या तरुणांचं संमेलन युरोपात होतं आणि त्यासाठी माझी निवड झाली होती. तिकिटासाठी अब्बूंनी पतसंस्थेतून कर्ज काढलं. मिरजेत आमच्या गल्लीत पेढे वाटले गेले, जुम्म्याच्या नमाजनंतर लोकांनी हात मिळवले. या सगळ्या कौतुकात एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नाही. ती आज सांगतो.

आधी या पुरस्काराविषयी थोडं. तो ब्रिटनमध्ये १९५६ साली प्रिन्स फिलिप यांनी सुरू केला. पहिले संचालक होते जॉन हंट, १९५३च्या एव्हरेस्ट मोहिमेचे नेते. पण मूळ कल्पना फिलिप यांचे गुरुजी कुर्ट हान यांची. हान ज्यू कुटुंबात जन्मलेले जर्मन शिक्षक. हिटलरच्या विरोधात उघड बोलले म्हणून १९३३मध्ये त्यांना अटक झाली, पुढे देश सोडावा लागला. मुलांना नुसती पुस्तकं देऊन चालत नाही, दुसऱ्यासाठी राबायची आणि स्वतःच्या पायावर चालायची सवय लावावी लागते, असं मानणारा हा माणूस.

पुरस्कारात स्पर्धा नसते. चौदा ते चोवीस वयाच्या कुणालाही भाग घेता येतो. कांस्य, रौप्य, सुवर्ण असे तीन स्तर. प्रत्येकात सेवा, कौशल्य, व्यायाम आणि साहसी प्रवास. सुवर्ण स्तराला घरापासून दूर राहून करायचा एक प्रकल्प जास्तीचा. आठवड्याला साधारण एक तास, पण तो महिनोन्‌महिने द्यायचा. आज शंभराहून जास्त देशांत हे चालतं आणि भारतातही अनेक वर्षांपासून चालू आहे.

आमच्या कॉलेजात एका सरांनी नावनोंदणी सुरू केली तेव्हा मी थेट सुवर्णला बसलो. खालचे स्तर न करता आलेल्याला दीड वर्ष लागतं. कौशल्य म्हणून मामूंच्या कारखान्यात तंबोऱ्याचं काम शिकलो. पंढरपूरकडून येणारे वाळलेले भोपळे कापायचे, घासायचे. दीड वर्षात जवारी लावणं काही जमलं नाही, पण ती का जमत नाही एवढं कळलं.

माझ्याबरोबरच चार वर्षांनी धाकटी बहीण कांस्य स्तराला बसली. गल्लीतल्या मुलांना ती रोज असरनंतर गणित शिकवायची, ती तिची सेवा झाली. गच्चीवर दोरीच्या उड्या मारायची, तो व्यायाम. कौशल्य म्हणून कॉम्प्युटरवर उर्दू आणि मराठी टायपिंग शिकली. सहा महिने तिने वहीत एकही आठवडा कोरा ठेवला नाही. मी मात्र दोनदा मागच्या तारखा टाकून भरल्या होत्या. तिची तीन पानं पूर्ण झाली. राहिलं होतं चौथं, साहसी प्रवासाचं. कांस्यला त्यासाठी दोन दिवस आणि एक रात्र लागते.

त्या एका रात्रीला घरातून नकार आला. आरडाओरडा नाही, रडारड नाही. अब्बू म्हणाले, "बेटा, लोग क्या कहेंगे." अम्मी गप्प राहिल्या. आणि मीही गप्प राहिलो. माझ्या वाट्याला चार दिवस आणि तीन रात्रींचा प्रवास होता. तिच्या बाजूने बोललो तर माझाही बेत मोडेल अशी भीती वाटली. ही माझी चूक, ती दुसऱ्या कुणावर ढकलता येणार नाही.

संमेलनात पहिल्याच संध्याकाळी आम्हाला गटात बसवून विचारलं, "तुमच्या देशात हा पुरस्कार कुणापर्यंत पोचत नाही?" मी लगेच हात वर केला. जास्त फी घेणाऱ्या शाळांत हे सहज होतं, नगरपालिकेच्या नि उर्दू शाळांत कुणाला नावही माहीत नसतं, असं सगळं सांगितलं. ते खरंच होतं. टाळ्या पडल्या. घरातल्या अर्धवट वहीबद्दल मी बोललो नाही.

गटात जॉर्डनची एक मुलगी होती. तिकडे १९८४पासून हाच कार्यक्रम अल हसन युवा पुरस्कार या नावाने चालतो. ती वाळवंटात चार दिवस चालली होती, डोक्याला रुमाल बांधूनच. मी विचारलं, घरच्यांनी कसं सोडलं? तिचं उत्तर अगदी साधं होतं. आधी पालकांची बैठक झाली. प्रशिक्षक बाई होत्या. मुलींचे तंबू वेगळे होते. वडिलांकडे रोजच्या मुक्कामाचा नकाशा आणि बाईंचा फोन नंबर होता. सरावाच्या पहिल्या दिवशी तर वडील स्वतः येऊन जागा बघून गेले. तिच्या वडिलांना कुणी मागासलेले म्हणालं नाही. त्यांना काळजी होती, त्या काळजीचं उत्तर दिलं गेलं.

आमच्याकडे हे कुणी केलंच नव्हतं. कॉलेजने फॉर्म दिला, खाली पालकांची सही मागितली. अब्बूंनी सही केली नाही आणि विषय संपला. त्यांना दोष देणं सोपं आहे. पण मुलीला कुठे, कुणाबरोबर नेणार हे त्यांना सांगायला एकही माणूस घरी आला नव्हता.

यावर आपल्यातले काही जण म्हणतील की मेहरमशिवाय रात्र बाहेर काढणं बरोबर नाही. त्यांना मी एकच आठवण करून देतो. २०१८पासून आपल्या देशातून पंचेचाळीस वर्षांवरच्या बायका चार किंवा अधिक जणींचा गट करून मेहरमशिवाय हजला जाऊ लागल्या. पुढे २०२१मध्ये सौदी सरकारनेही बायकांना गटाने, मेहरमशिवाय हजच्या नोंदणीची मुभा दिली. म्हणजे सोबत भरवशाची असेल तर वाट निघते, हे आपण मान्य केलंच आहे. मग समुद्रापार जाणाऱ्या खालाला जो भरवसा देतो, तो तासाभराच्या अंतरावर, बाई प्रशिक्षकाबरोबर जाणाऱ्या भाचीला का देत नाही?

आणि हा प्रश्न आपलाच आहे असंही नाही. १९५६मध्ये हा पुरस्कार फक्त मुलांसाठी होता. मुलींसाठी १९५८मध्ये वेगळी योजना निघाली आणि दोन्ही योजना एक व्हायला १९६९ उजाडलं. ब्रिटनमध्येसुद्धा मुलींना त्याच वाटेवर यायला तेरा वर्षं लागली. तिथेही कुणीतरी मागत राहिलं, कुणीतरी वाट काढत राहिलं.

आपल्या मोहल्ल्यांत सेवेची कमी नाही. २०१९मध्ये कृष्णेला पूर आला तेव्हा आमच्या गल्लीतल्या पोरांनी रात्रंदिवस माणसं बाहेर काढली, जेवण पोचवलं. बायकांनी शेकडो भाकऱ्या थापल्या. त्याची नोंद कुठल्याच वहीत नाही. कमी आहे ती नोंद ठेवणाऱ्या, पाठीशी उभं राहणाऱ्या, आठवड्याला तासभर वेळ देणाऱ्या मोठ्या माणसांची. आपल्यातले शिक्षक, इंजिनीअर, बँकेतले कर्मचारी हे काम करू शकतात. हा पुरस्कार मिळाला नाही तरी चालेल. पण मुलीला एक रात्र डोंगरावर, आपल्या मैत्रिणींबरोबर, स्वतः शिजवलेलं खाऊन काढता आली पाहिजे. ते तिच्या बायोडेटासाठी नाही. उद्या कॉलेजसाठी, नोकरीसाठी दुसऱ्या शहरात जायचं म्हटलं की याच एका रात्रीचा प्रश्न पुन्हा दारात उभा राहतो.

मी परत आलो तेव्हा बहिणीने बॅज हातात घेऊन पाहिला आणि एवढंच विचारलं, "भाईजान, तंबूत थंडी वाजते का?" त्या प्रश्नाचं उत्तर तिला स्वतःला मिळायला हवं होतं.

आता ती पंचविशीच्या पुढे गेली. तिची वही पूर्ण होणार नाही. पण ती शाळेत शिकवते, आणि या डिसेंबरमध्ये दंडोबाच्या डोंगरावर अकरा मुलींना एका रात्रीसाठी न्यायचं तिने ठरवलं आहे. बैठक आमच्याच घरी झाली, चहा अब्बूंनी दिला. नऊ सह्या झाल्यात, दोन राहिल्यात. त्यातली एक माझ्या मामेभावाची. रविवारी मी त्याच्याकडे जाणार आहे. या वेळी गप्प बसायला नाही.