बडोद्याच्या मोत्यांचे मोल

बडोद्याच्या गायकवाड राजघराण्याचा दुपदरी मोत्यांचा हार एप्रिल २००७ मध्ये न्यूयॉर्कला 'क्रिस्टीज'च्या लिलावात सुमारे ७१ लाख डॉलरना विकला गेला. ही किंमत केवळ ६८ मोत्यांच्या पाण्याची नव्हती. त्यांच्यामागील राजघराण्याच्या नावाचीही होती. मूळ सातपदरी हारातील हे निवडक मोती होते. १९७२ चा पुरावस्तू व कलानिधी कायदा अशा ऐवजाच्या खासगी निर्यातीस मज्जाव करतो. मात्र पूर्वीच परदेशी गेलेल्या ठेव्यापुढे तो हतबल ठरतो. तेथे चालते ती पैशाची थैलीच. निजामाचे १७३ दागिने केंद्र सरकारने १९९५ मध्ये २१८ कोटी रुपयांना विकत घेतले, म्हणून ते आज राष्ट्राची मालमत्ता आहेत. वारशाच्या अभिमानाला आर्थिक तरतुदीची जोड हवी. अन्यथा लिलावात अंतिम शब्द सर्वाधिक बोली लावणाऱ्याचाच राहणार.