परदेशातील इंग्रजी शिक्षकाची नोकरी : पगाराआधी करार तपासा

आमच्या प्रतिनिधीकडून

ठाकुर्ली : मध्य रेल्वेवर डोंबिवली आणि कल्याण यांच्यामध्ये असलेले ठाकुर्ली एकेकाळी नोकरी देणारे ठिकाण होते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने चोळे गावाजवळ वीजकेंद्र उभारले, तेव्हा गावोगावची माणसे कामासाठी येथे आली आणि रेल्वेच्या वसाहतीत स्थिरावली. ते केंद्र बंद पडून आता काही दशके लोटली आहेत. आज येथील सुशिक्षित माणूस सकाळची लोकल पकडून नोकरीसाठी मुंबई-ठाण्याकडे जातो आणि त्याची नजर त्याहीपलीकडे, आखाती देशांकडे व आग्नेय आशियाकडे असते. अभियंते, परिचारिका आणि हिशेबनीस यांच्यापाठोपाठ या वाटेवर आता बी.एड. झालेले शिक्षकही दिसू लागले आहेत. 'खासगी शाळेसाठी इंग्रजीचे शिक्षक हवेत; निवास, विमानभाडे आणि करमुक्त वेतन' अशा आशयाच्या जाहिराती त्यांच्या भ्रमणध्वनीवर सातत्याने येत असतात.

अशी नोकरी स्वीकारावी की नाही, हा प्रश्न बहुतेक घरांत पगाराच्या आकड्यापासून सुरू होतो आणि तेथेच संपतो. दिरहम किंवा रियालला रुपयाने गुणले की निर्णय झाला, असे मानले जाते. प्रत्यक्षात येथे काय सोडून जायचे आहे, तेथे कोणत्या कायद्याचे संरक्षण मिळणार आहे आणि परत येण्याची वेळ आली तर हाती काय उरणार आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे त्या आकड्यापेक्षा महत्त्वाची आहेत.

घरची बाजू

राज्यातील शिक्षकाची आजची स्थिती पाहिल्याखेरीज परदेशाच्या ओढीचा अर्थ लागत नाही. महाराष्ट्रात २००० मध्ये शिक्षण सेवक योजना आली. नव्याने नेमलेल्या शिक्षकाने पहिली तीन वर्षे मानधनावर काम करायचे, अशी ही पद्धत. माध्यमिक शिक्षण सेवकाचे मानधन दीर्घकाळ आठ हजार रुपये होते. न्यायालयीन लढ्यानंतर जानेवारी २०२३ पासून ते १८ हजार रुपये झाले. म्हणजे पदवी, बी.एड., पात्रता परीक्षा आणि अभियोग्यता चाचणी असे अडथळे ओलांडून आलेल्या तरुणाला सुरुवातीला मिळते ते एवढे. १ नोव्हेंबर २००५ नंतर नियुक्त झालेल्यांना जुने निवृत्तिवेतनही नाही. अंशतः अनुदानित शाळांतील शिक्षकांना तर अनुदानाच्या पुढच्या टप्प्यासाठी जुलै २०२५ मध्ये आझाद मैदानावर उतरावे लागले.

कल्याण-डोंबिवलीत इंग्रजी माध्यमाच्या स्वयंअर्थसहाय्यित शाळा मोठ्या संख्येने आहेत. २०१२ च्या कायद्याने अशा शाळांना वाट मोकळी करून दिली. इंग्रजीच्या शिक्षकाला येथे काम सहज मिळते, परंतु वेतन संस्थेच्या मर्जीवर असते. शाळेनंतर शिकवणी घेतल्याशिवाय घराचा हप्ता निघत नाही, ही अनेकांची तक्रार आहे.

याची दुसरी बाजूही आहे. महाराष्ट्र खासगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७ या कायद्याने मान्यताप्राप्त खासगी शाळेतील कायम शिक्षकाला मोठे संरक्षण दिले आहे. चौकशीशिवाय त्याला काढता येत नाही आणि काढल्यास शाळा न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. परदेशातील खासगी शाळेत असे संरक्षण नाही. करार संपला की नोकरी संपते आणि नोकरीबरोबर निवासाचा परवानाही संपुष्टात येतो. म्हणून अनुदानित शाळेत कायम झालेला शिक्षक आणि तासिका तत्त्वावर वा विनाअनुदानित शाळेत काम करणारा शिक्षक यांना एकच सल्ला देता येणार नाही. पहिल्याला बरेच गमवावे लागते. दुसऱ्याकडे गमावण्यासारखे थोडेच असते.

दार कोणासाठी उघडे?

इंग्रजी शिकवायला जगात सर्वत्र मागणी आहे, हे खरे. परंतु ती मागणी पदवीइतकीच पारपत्रही पाहते. दक्षिण कोरियात इंग्रजी शिकवण्याचा परवाना प्रामुख्याने अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांना मिळतो. भारत आणि कोरिया यांच्यातील सर्वंकष आर्थिक करार १ जानेवारी २०१० पासून अमलात आला, तेव्हा पात्र भारतीय शिक्षकांसाठी हे दार किलकिले झाले. परंतु ते शाळांतील सहायक शिक्षकापुरते, खासगी शिकवणी वर्गांसाठी नव्हे. चीनमध्येही मातृभाषा इंग्रजी असलेल्या देशांच्या नागरिकांनाच प्राधान्य आहे. थायलंडमध्ये भारतीयांना संधी मिळते, मात्र इंग्रजीच्या चाचणीतील गुण, शिक्षक परवाना आणि काम करण्याचा परवाना हे सारे लागते. 'आधी पर्यटक म्हणून या, कागदपत्रे नंतर पाहू' असे सांगणारा दलाल बेकायदा कामाचे निमंत्रण देत असतो.

हा धोका काल्पनिक नाही. थायलंडमधील चांगल्या नोकरीचे आमिष दाखवून भारतीय तरुणांना म्यानमारच्या सीमेवरील सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर नेल्याचे प्रकार २०२२ पासून उघडकीस येत आहेत. मार्च २०२५ मध्ये अशा ५४९ भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी मायदेशी आणावे लागले. त्यांना शिक्षकाच्या नव्हे, संगणकावरील कामाच्या नोकऱ्यांची आश्वासने मिळाली होती. पण पर्यटक परवान्यावर बोलावण्याची रीत तीच आहे.

आखाताची गोष्ट वेगळी. तेथे भारतीय शिक्षकाला मागणी आहे, कारण तेथे भारतीय मुले आहेत. केरळमधील के. एस. वार्की आणि मरियम्मा हे शिक्षक दांपत्य १९५९ मध्ये दुबईत गेले आणि त्यांनी स्थानिक अरबांना इंग्रजी शिकवण्यास सुरुवात केली. १९६८ मध्ये त्यांनी 'अवर ओन इंग्लिश हायस्कूल' ही शाळा काढली. त्यांचे पुत्र सनी वार्की यांनी पुढे त्यातून जगातील मोठ्या खासगी शाळासमूहांपैकी एक उभा केला. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तो याच घराण्याच्या वार्की फाउंडेशनचा.

तेथील शाळांचे मात्र दोन थर आहेत. ब्रिटिश वा अमेरिकी अभ्यासक्रमाच्या शाळांचे शुल्क भरमसाट असते. त्यांचे वेतनही त्याच मापाचे असते आणि नेमणुका करताना त्या देशांतील प्रशिक्षित शिक्षकांकडे त्यांचा कल असतो. सीबीएसई वा आयसीएसईच्या शाळा भारतीय मध्यमवर्गाला परवडेल इतके शुल्क घेतात आणि वेतनही त्याच बेताने देतात. ठाकुर्लीच्या शिक्षकासाठी उघडे असलेले दार बहुतेक वेळा या दुसऱ्या थराचे असते. जाहिरातीतील चकचकीत छायाचित्र पहिल्या थराचे आणि नेमणूक दुसऱ्या थरात, ही गफलत टाळावी.

शिकलेल्यांना छत्री नाही

भारतीय कामगारांच्या परदेशगमनाचे नियमन १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याने होते. दहावी न झालेल्या व्यक्तीला आखातासह ठरावीक १८ देशांत नोकरीसाठी जायचे असेल, तर उत्प्रवासी संरक्षकाची मंजुरी लागते आणि त्या वेळी तिचा करार तपासला जातो. शिकलेल्यांना ही अट नाही. पदवीधर आपले हित स्वतः पाहू शकतो, असे कायद्याने गृहीत धरले. परिणामी गवंड्याचा करार सरकार वाचते, शिक्षकाचा वाचत नाही. २०१५ मध्ये परिचारिकांची भरती ई-मायग्रेट यंत्रणेखाली आणली गेली. शिक्षकांबाबत तसे घडले नाही. या १८ देशांत जाणाऱ्या सर्वच नोकरदारांना १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी सक्तीची करण्याचे परराष्ट्र मंत्रालयाने जाहीर केले होते, पण नोव्हेंबर २०१८ मध्येच तो निर्णय स्थगित झाला आणि नोंदणी ऐच्छिक राहिली.

ऐच्छिक असली तरी ती करावी. ज्या दलालामार्फत जायचे त्याचा नोंदणी क्रमांक ई-मायग्रेटवर पडताळता येतो. मुंबईतील उत्प्रवासी संरक्षकाचे कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. ठाकुर्लीहून अर्ध्या दिवसाच्या रजेत तेथे जाऊन येता येते. नोंदणीकृत दलालाला उमेदवाराकडून घेता येणारे सेवाशुल्क नियमाने ३० हजार रुपये व त्यावरील कर एवढेच आहे. संयुक्त अरब अमिरातीच्या कायद्यानुसार भरतीचा आणि परवान्याचा खर्च मालकानेच करायचा असतो. तेव्हा 'व्हिसाचे दीड लाख' मागणारा माणूस समोर आला, तर विचार तेथेच थांबवावा.

कागदपत्रांचा प्रश्नही आधीच सोडवावा लागतो. पदवी व बी.एड.ची प्रमाणपत्रे राज्य शासन, परराष्ट्र मंत्रालय आणि संबंधित देशाचा दूतावास अशा पायऱ्यांनी साक्षांकित करून घ्यावी लागतात. दूरशिक्षणाने घेतलेल्या पदव्यांबाबत तेथील यंत्रणा साशंक असतात. २०१८ मध्ये अमिरातीत अनेक भारतीय शिक्षकांच्या नोकऱ्या समकक्षतेच्या प्रमाणपत्रावरून धोक्यात आल्या. गुणपत्रिकेतील अंतर्गत व बाह्य परीक्षेच्या गुणांची विभागणी पाहून, हे बहिःस्थ विद्यार्थी असावेत, असा समज तेथे झाला होता. मुक्त विद्यापीठातून शिक्षण घेतलेल्यांनी येथील नोकरीचा राजीनामा देण्यापूर्वी पदवी ग्राह्य धरली जाईल याची लेखी हमी घ्यावी.

आकड्यांच्या आतले आकडे

उदाहरणादाखल महिना ४००० दिरहमचे देकारपत्र घेऊ. हिशेबापुरता दिरहमचा भाव २४ रुपये धरला, तर ही रक्कम ९६ हजार रुपये होते. पण ४००० पैकी मूळ वेतन किती, हा खरा प्रश्न आहे. अमिरातीत २०२२ पासून लागू झालेल्या श्रम कायद्यानुसार सेवा संपताना मिळणारे उपदान पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांच्या मूळ वेतनाइतके असते. मूळ वेतन २००० आणि भत्ते २००० अशी विभागणी असेल, तर तीन वर्षांनी ४२०० दिरहम म्हणजे सुमारे एक लाख रुपये हाती येतील. मूळ वेतन ३००० असेल, तर ६३०० दिरहम, म्हणजे दीड लाखावर. एकूण पगार तोच असूनही ५० हजार रुपयांचा फरक पडतो.

निवासाची सोय म्हणजे स्वतंत्र घर की तिघांत एक खोली, हेही करारात हवे. कुटुंब नेण्यासाठी अमिरातीने २०१९ मध्ये किमान ४००० दिरहम, किंवा ३००० दिरहम आणि निवास, असा उत्पन्नाचा निकष ठरवला. निकषात बसणे आणि त्या पगारात दुबईत संसार चालवणे यांत मोठे अंतर आहे. त्यामुळे या वेतनश्रेणीतील अनेकांना कुटुंब गावीच ठेवावे लागते. घरी लहान मूल किंवा वृद्ध आई-वडील असतील, तर त्यांच्याकडे कोण पाहणार, याचे उत्तर दिरहममध्ये देता येत नाही.

'करमुक्त' हा शब्दही तपासून घ्यावा. अमिरातीत वैयक्तिक प्राप्तिकर नाही. भारतात मात्र त्या आर्थिक वर्षात १८२ किंवा अधिक दिवस वास्तव्य झाले असेल, तर व्यक्ती निवासी ठरते आणि परदेशातील वेतनही येथे करपात्र होते. एप्रिलमध्ये, म्हणजे तेथील भारतीय शाळांचे वर्ष सुरू होताना गेलेल्यास ही अडचण येत नाही; नोव्हेंबरमध्ये गेलेल्यास पहिल्या वर्षी येते.

परतीचा रस्ता

आखातातील नोकरीचा शेवट बहुतेक वेळा परत येण्यातच होतो. १९९० मध्ये इराकने कुवेत गिळंकृत केल्यावर सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना विमानांनी परत आणावे लागले. मे २०२० मध्ये, कोरोनाच्या काळात, 'वंदे भारत' मोहिमेची पहिली विमाने अमिरातीतूनच निघाली. संकट नसले तरी करार केव्हा तरी संपतोच.

परतल्यावर काय? महाराष्ट्रात शासकीय भरतीची कमाल वयोमर्यादा खुल्या प्रवर्गासाठी ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३ वर्षे आहे. चौतिसाव्या वर्षी गेलेला खुल्या प्रवर्गातील शिक्षक पाच वर्षांनी परतला, तर जिल्हा परिषदेचे दार त्याच्यासाठी बंद झालेले असते. पहिली ते आठवीच्या शिक्षकांना पात्रता परीक्षा उत्तीर्ण होणे बंधनकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात सेवेत असलेल्यांनाही बजावले आहे. तेव्हा जाण्यापूर्वी ही परीक्षा उत्तीर्ण होऊन ठेवणे शहाणपणाचे. भविष्य निर्वाह निधीत मालकाकडून पडणारी भरही थांबते. ती जागा स्वतःच्या बचतीने भरून काढावी लागते.

या साऱ्याचा ताळा मांडला तर उत्तर स्पष्ट होते. अनुदानित शाळेत कायम झालेल्याने केवळ पगारासाठी राजीनामा देऊ नये. विनावेतन रजा मिळत असेल तर ती लेखी मंजूर करून घ्यावी आणि मगच विचार करावा. तिशीच्या आतील, तासिका तत्त्वावर किंवा तुटपुंज्या पगारावर राबणाऱ्या शिक्षकाने मात्र अशा संधीकडे पाठ फिरवण्याचे कारण नाही. मूळ वेतन, निवास, परतीचे भाडे आणि मुदत या चारही गोष्टी करारात असाव्यात, रोजगाराचा परवाना येथून निघण्यापूर्वी हाती असावा आणि परतीची तारीख स्वतःच्या मनाशी ठरलेली असावी. एवढे जमत असेल तर दोन-तीन वर्षांच्या बचतीतून घराचे कर्ज फिटू शकते किंवा गावी स्वतःचा वर्ग सुरू करता येतो.

प्रश्न शासनापुढेही आहे. २००० पासून पहिलीपासून इंग्रजी शिकवण्याचा निर्णय या राज्याने घेतला. त्या पहिल्या तुकडीतील मुले आज तिशीत आहेत आणि त्यांच्यातूनच इंग्रजीचे शिक्षक झाले आहेत. त्यांना येथे सन्मानाचे वेतन देता येत नसेल, तर बाहेर जाताना त्यांचा करार वाचणारी यंत्रणा तरी असायला हवी. परिचारिकांसाठी केलेली तरतूद शिक्षकांपर्यंत नेण्यास विलंब लावण्याचे कारण नाही.