आवई नको, आकडे द्या

‘गोव्याचे पर्यटन संपले’ अशी हाकाटी २०२४च्या नोव्हेंबरात समाजमाध्यमांवर उठली आणि तिथून वाहिन्यांवर पोचली. तिचे समर्थक म्हणतात, माध्यमे मंदी आणत नाहीत; असलेली दाखवतात.

यात तथ्य आहे, आणि गोव्याच्या खाणपट्ट्यातल्या डिचोलीला ते ठाऊक आहे. २०१२ साली खाणी थांबल्या. पुढे सुरू झाल्या, त्या ८८ खाण-लीजांचे नूतनीकरण सर्वोच्च न्यायालयाने रद्द केल्यावर मार्च २०१८मध्ये पुन्हा बंद पडल्या. कर्ज काढून घेतलेले ट्रक दारात उभे राहिले. हे संकट मथळ्यांनी आणले नव्हते आणि मथळे सौम्य करून ते टळलेही नसते. ते छापणे कर्तव्यच होते.

पर्यटनाची गोष्ट वेगळी आहे. बातमी वाचून खनिजाचे गिऱ्हाईक पळत नाही. सुट्टीचा बेत मात्र एका बातमीने मोडतो. किनाऱ्यावरच्या पेडणे तालुक्यात पाहा. पाऊस सरला की हरमलचा शॅकवाला उसनवारी करून बांबू-झावळ्या उभारतो, कामगार बोलावतो. भरदुपारच्या रिकाम्या खाटांची चित्रफीत देशभर फिरते आणि पुण्याचे कुटुंब बेत रद्द करते. शॅकवाला दोन पोरांना गावी पाठवतो, मासळी निम्मीच घेतो. मासळीवालीचा धंदा बसतो, दुचाकी भाड्याने देणाऱ्याचा हप्ता थकतो. मग कॅमेरा परत येतो तेव्हा मंदी खरोखरच आलेली असते. निव्वळ अफवेपोटी ठेवीदार धावले की धडधाकट बँकही बुडते, हे रॉबर्ट मर्टन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९४८ सालीच दाखवून दिले होते.

आता आकडे. पर्यटन खात्याच्या नोंदींनुसार २०१९ साली देशी-विदेशी मिळून सुमारे ८० लाख पर्यटक आले; २०२४ साली १ कोटीहून अधिक. घटले ते विदेशी: ९ लाखांवरून पाच लाखांच्या आत. म्हणजे ‘गोवा ओस पडला’ हे खोटे. विदेशी पाहुण्यांवर विसंबलेल्या मोरजी-हरमलला झळ बसणार, हे खरे. पहिल्या वाक्याने सगळ्यांचे नुकसान होते, दुसऱ्याने उपाय सुचतो.

‘सरकारी आकडे फुगवलेले असतात,’ असे कोणी म्हणेल. मग ते तपासा. मोपा विमानतळावर उतरलेले प्रवासी मोजा, मांद्र्यातल्या घरगुती खोल्या देणाऱ्यांना विचारा, टॅक्सीच्या भाड्याच्या तक्रारी नेमक्या मांडा. त्याचबरोबर, त्या नोव्हेंबरात समाजमाध्यमांवर टीका करणाऱ्याविरुद्ध पोलिसांत तक्रार करण्याचा पर्यटन खात्याचा मार्गही चुकीचाच होता. तोंड दाबले की संशय वाढतो. सरकारने तालुकावार आकडे दर महिन्याला जाहीर करावेत.

वाईट बातमी दडवा, असे माझे म्हणणे मुळीच नाही. कुठे घट झाली, किती झाली, कशामुळे झाली आणि कुठे झाली नाही, या चार प्रश्नांची उत्तरे नसतील तर ‘मंदी’ हा मथळा छापू नये. त्या मथळ्याची किंमत संपादक नव्हे, पेडण्यातला हातावर पोट असलेला माणूस मोजतो.