रंग खरवडू नका

जुलै १९१८मध्ये जर्मन सैन्याने आपल्या पोलादी शिरस्त्राणांवर पिवळसर, हिरव्या आणि तांबूस रंगांचे ठिगळांसारखे तुकडे रंगवायला सांगितले. दोन रंगांमध्ये बोटभर काळी रेघ. कारण साधे होते, मातीत डोके दिसू नये. आज जगभरचे संग्राहक याच उडालेल्या रंगावर जीव टाकतात. रंग मूळचा असेल तर पोचे, गंजाचे डागही मोलाचे. नवा रंग चढला की किंमत गेली. बनावट मालही याच रंगाच्या जोरावर खपतो.

मूळ रूप जपण्याचा हा नियम आपल्याकडच्या जुन्या शस्त्रांनाही लागू पडतो, पण सरसकट नव्हे. नांदेडला हजूर साहिब गुरुद्वाऱ्यातली शस्त्रे दिवाळीच्या सुमारास गोदावरीच्या पाण्याने स्वच्छ होतात. ती जिवंत परंपरा आहे, तिला संग्राहकाचा नियम लावू नये. पण उदगीर, औसा, कंधारच्या किल्ल्यांभोवतीच्या घरांत एखादी जुनी तलवार वा जिरेटोप उरला असेल, तर खंडेनवमीला तो चिंचेने, राखेने घासून लखलखीत करू नका, ही आमची कळकळीची विनंती. त्या घासण्यात धातूवरचे नक्षीकाम, मुलामा, कारागिराची खूण जाते. पूजा फुलाने, कुंकवाने होते की! मऊ कोरड्या फडक्याने धूळ पुसा, फोटो काढा, वस्तू कुणाकडून आली ते आजीआजोबांना विचारून लिहून ठेवा.

शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२च्या पुरावशेष कायद्याच्या कक्षेत येते. परवान्याशिवाय तिचा व्यापार करता येत नाही आणि खासगी व्यक्तीला ती परदेशी पाठवता येत नाही. भंगारवाल्याच्या काट्यावर तिचे वजन होण्याआधी पुरातत्त्व खात्याला दाखवा.