लग्नाच्या उत्तरपत्रिकेत 'शुद्ध' कोण?



नारपोलीतल्या एका घरी पुढच्या महिन्यात मंगल परिणय आहे. नोंदणी, बुद्धवंदना आणि संध्याकाळी साधं जेवण. बँड नाही, मानपान नाही. मुला-मुलीने निमंत्रणासोबत व्हॉट्सॲपवर एक उत्तरपत्रिका पाठवायचं ठरवलंय: येणार का, किती जण, काय जेवणार. मसुदा माझ्याकडे आला. जेवणापुढे दोन चौकोन होते, 'शुद्ध शाकाहारी' आणि 'नॉनव्हेज'.

उत्तर मागवणं चांगलंच. आपल्याकडे निमंत्रण 'सहकुटुंब सहपरिवार' असतं. तीनशे धरावेत तर पाचशे येतात, नाहीतर उरलेलं पातेलं दुसऱ्या दिवशी ओतावं लागतं. तेही कर्ज काढून रांधलेलं. माझं भांडण त्या दोन चौकोनांशी आहे.

एका ताटाला शुद्ध म्हटलं की शेजारचं ताट काय ठरतं, हे लिहावं लागत नाही. ज्या शब्दाने आपल्याला पाणवठ्यापासून लांब ठेवलं, तो आपण आपल्याच लग्नात छापायचा? आणि 'नॉनव्हेज' हे तर नावही नव्हे. जे व्हेज नाही ते! आपल्या आयांनी चुलीवर केलेली वजडी, सुकट, मटणाचा रस्सा यांना दुसऱ्याच्या ताटावरून ओळखायचं. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून महार-मांगांच्या ताटातले पदार्थ नावानिशी नोंदवले, ते उगाच नाही.

कुणी म्हणेल, शब्दांत काय एवढं? २०२३ साली आयआयटी मुंबईच्या वसतिगृहाच्या मेसमध्ये सहा टेबलं शाकाहाऱ्यांसाठी राखीव झाली आणि विरोध करणाऱ्या विद्यार्थ्यावर १० हजार रुपये दंड लागला. आधी शब्द वेगळा होतो, मग टेबल.

दुसरा आक्षेप आपल्याच लोकांचा: बावीस प्रतिज्ञांत प्राणिमात्रांवर दया आहे, मग मटण कसं? देवदत्ताने भिक्षूंना मांस-मासे कायमचे बंद करा अशी मागणी केली होती. तथागतांनी ती सक्ती नाकारली, हे विनयपिटकातच आहे. करुणेपोटी जो खात नाही त्याचा मान राखा, त्याच्यासाठी भाजी मन लावून करा. मटण संपल्यावर उरलेली बटाट्याची भाजी त्याच्या ताटात टाकू नका. दारूबद्दल मात्र प्रतिज्ञा स्पष्ट आहे, तेव्हा 'ड्रिंक्स'चा चौकोन नको.

मग लिहायचं काय? पदार्थांची नावं. मी सुचवलेला मसुदा असा:

'आयु. ______ आपण किती जण येणार? त्यात लहान मुलं किती?
काय जेवाल? मटण-भाकरी / चिकन बिर्याणी (मटण, चिकन दोन्ही हलाल) / भरलं वांगं-भाकरी, वरण-भात. प्रत्येकी संख्या लिहा.
काही पथ्य असल्यास कळवा.
पाळी असेल तर किती वाजता येऊ शकाल?
कृपया आहेर आणू नये. आणायचाच तर पुस्तक आणावं.'

पाळीचा प्रश्न भिवंडीसाठी आहे. लूमवर बारा-बारा तास उभा राहणारा माणूस रात्री साडेआठला सुटतो, आणि मुंबईच्या पद्धतीने साडेसातला सुरू केलेलं जेवण तो येईपर्यंत तळाला गेलेलं असतं. त्याचा वाटा आधीच काढून ठेवता येतो. 'हलाल' लिहिलंय ते अन्सारी शेजाऱ्यांसाठी. ते आपल्या लग्नाला येतात आणि बरेचदा नुसतं सरबत पिऊन जातात. पण कार्डावर लिहिलं तर खाटिकालाही तसंच सांगा, फसवू नका. पंगत मात्र एकच. रंगीत कूपन नको, शाकाहाऱ्यांचा वेगळा कोपरा नको.

वस्तीतल्या आज्ज्यांना हे व्हॉट्सॲपवर जमणार नाही. त्यांच्या घरी मुलीने स्वतः जावं आणि विचारून लिहून घ्यावं. आणि हॉलवाल्याला आगाऊ रक्कम देण्याआधी मटण चालतं का ते विचारा. 'आमच्याकडे फक्त शुद्ध' असं उत्तर आलं, तर आपलं समाजमंदिर आहे, तिथे चूल मांडा.